देवपूरच्या सिग्नलवरचा स्कार्फ

"ही गोष्ट कोणी खरी मानणार नाही," ओट्यावर बसत अभिमन आबा म्हणाले, "तरी सांगतो." नात मयुरी शेंगा सोलत ऐकू लागली.

झुलाल नावाचा केळीचा टेम्पोवाला धुळ्याच्या पितांबर नानांकडे आला. नाना खासगी तपास करत. पांझरा नदीचं पाणी पाहून वर कोणाची म्हैस डुंबतेय ते सांगणारा माणूस. त्यांच्या मदतीला हितेंद्र, त्याला सगळं दोनदा सांगावं लागे.

झुलालने कॅमेऱ्याचा फोटो पुढे केला. देवपूरचा सिग्नल लाल, टेम्पो चौकाच्या मधोमध.

"तीन महिने लायसन्स जाईल, नाना. मला दुसरं काही येत नाही. मागे ॲम्ब्युलन्स सायरन वाजवत होती, मी वाट दिली."

नानांनी फोटो न्याहाळला. शेजारी दोन दुचाकी थांबलेल्या. एकीवरची मुलगी हँडल सोडून, दोन्ही हातांनी तोंडावरचा स्कार्फ नीट बांधत होती.

"ॲम्ब्युलन्स शोधू या," हितेंद्र म्हणाला.

"आधी केळी बघू."

व्यापारी हेमराज शेठ खूश होते. "रावेरहून आलेल्या एकाही घडाला डाग नव्हता. डाग दिसला तर मी माल उतरवून घेत नाही. झुलालला माहीत आहे ते."

चौकातल्या चहावाल्या कमलबाई म्हणाल्या, "सायरन वाजला की गाड्या थेट माझ्या बाकड्यावर चढतात. त्या दिवशी बाकडं जागेवर होतं."

संध्याकाळी नानांनी झुलालला समोर बसवलं.

"सायरन मागे असता तर ती पोरगी स्कार्फ बांधत बसली नसती. बाकडंही हललं असतं. ॲम्ब्युलन्स नव्हतीच, झुलाल."

"मग हा थांबला का नाही?" हितेंद्रने विचारलं.

"करकचून ब्रेक मारला असता तर घडावर घड घासला असता. संध्याकाळपर्यंत केळी काळी, आणि शेठने माल परत पाठवला असता. पिवळा जाऊन लाल झाला, तेव्हा याचा पाय ब्रेकवर गेला आणि तिथेच घाबरला. खरं ना?"

झुलाल मान खाली घालून बसला. "थांबलो असतो तर माल गेला असता. नाही थांबलो तर लायसन्स. मी करायचं काय होतं, नाना?"

"आरटीओच्या साहेबाला खरं ते सांग," नाना म्हणाले.

आबांनी घसा खाकरला. "झुलालने साहेबाला खरं सांगितलं, तर साहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं. लायसन्स तिथल्या तिथे परत. वर चहा पाजला."

मयुरीने शेंगांचं सूप खाली ठेवलं.

"मंग तुमना केळीना टेम्पो दोन महिनापासून दारमा काबर उभा शे, आबा?"