वारा पडला तेव्हा

"ए इंदाय, वजन किती गं तुझं?"

तिकडे पोरींना 'इंदाय' म्हणतात; पण पोरीला पहिल्याच भेटीत कुणी असं विचारतं का? गिमारास बेटाच्या किनाऱ्यावर मीठ लावलेली कैरी खात बसलेल्या लुर्देसने असं काही पाहिलं, की शिडाच्या होडीतल्या क्रिसांतोची बोबडीच वळली.

"म्हणजे... शर्यत आलीय. भावाचा पाय मुरगळलाय. उलांडीवर, या बाजूच्या बांबूवर, भार द्यायला कुणीतरी हवं."

"मग दगड ठेव की!"

"दगडाला सरक म्हणता येत नाही ना..."

ती खळखळून हसली आणि तिथेच फसली. किती वर्षं झाली त्याला! अजूनही झुळूक आली, की तिला तळपायाखाली तो बांबू जाणवतो. शीड फुगून होडी कलली, की तो ओरडायचा, "बाहेर!" ती दोर धरून उलांडीच्या टोकाला; अंगावर पाणी, ओठ खारट. "आत ये" म्हणताना मात्र त्याचा आवाज हळू व्हायचा. शर्यतीत ते शेवटून दुसरे आले. तरी नंतरही दर रविवारी शीड चढायचंच. मासे नकोत, बाजार नको, नुसतं भटकायचं. आणि बोलायचा काय, तर वाऱ्याबद्दल! मेल्याला दुसरा विषयच नव्हता.

मग मनिलाच्या मावशीने नोकरी बघितली. लुर्देसने मुद्दाम चारदा ऐकवलं, "रविवारी जहाज आहे माझं. दोन वाजता."

"मी सोडतो ना पलीकडे इलोइलोच्या बंदरावर," तो म्हणाला. बस्स, एवढंच! तिला रात्रभर रडू आलं.

रविवारी खाडीच्या मधोमध वारा पडला. शीड लोंबलं. समोर बंदर दिसत होतं, जहाजही.

"वल्हं मार ना," ती म्हणाली. तो वल्हं मांडीवर घेऊन बसला.

"ऐकू येत नाही का? उशीर होतोय!"

"येतंय. पण मारलं तर... तू वेळेवर पोचशील."

लुर्देसचे डोळे भरून आले. "हे आधी बोलायला काय झालं होतं?"

"आधी वारा होता."

"येडा कुठला!"

"तुला जायचंच असेल तर सांग," तो वल्हं उचलत म्हणाला. "हात तुटेस्तोवर मारतो, पोचवतो."

तिने ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि होडीच्या तळाशी ठेवून दिलं.

दोन वाजून गेल्यावर जहाज भोंगा देत त्यांच्या जवळूनच निघालं. कठड्याला टेकलेली माणसं उगीचच हात हलवत होती. लुर्देस उभी राहिली आणि तिनेही त्यांना हात केला.