पाण्याखालच्या गावाची रेल्वे

"मॅडम, जरा मागं… तुमचा पाय काशम्माच्या अंगणात पडलाय."

मी दचकून खाली पाहिलं. चपलेखाली खरंच वीतभर अंगण होतं. गुडघे टेकून छोट्या रुळांना तेल घालणारा एक तरुण माझ्याकडे बघून हसत होता.

सोलापुरातल्या त्या बागेचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं. हा तरुण, सोमशेखर, तिथल्या वीतभर घरांच्या गावातली छोटी रेल्वे चालवायचा. ते छोटं गाव उभारलं होतं त्याच्या आजोबांनी, ईरप्पांनी. त्यांचं खरं गाव उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलं. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर अकरा वर्षं खपून त्यांनी ते आठवणीतून पुन्हा बांधलं – वेस, देऊळ, सत्तावीस घरं.

"आणि रेल्वे? ती होती गावात?"

"न्हवती की. अज्जा म्हणायचे, रूळ असले म्हंजे गेलेली माणसं परत तरी येतील."

इतिहास आठवड्यात लिहून झाला. तरी मी दोन महिने बागेत जात राहिले.

"अजून काय राहिलंय लिहायचं?" तो विचारायचा.

"बरंच…"

एकदा घरं रंगवताना त्याच्या बोटाचा निळा रंग माझ्या मनगटाला लागला. दोन दिवस मी तो धुतला नाही.

ईरप्पा बाकावर बसून असत. त्यांना आता नातूही ओळखू येत नव्हता. पण गाव समोर दिसलं, की एकेका घरातली माणसं नावानिशी सांगायचे. एकदा बाग बंद होती, तर दिवसभर जेवले नाहीत. हरवल्यासारखे रडत राहिले.

मग धारवाडच्या एका संग्रहालयातून मला नोकरीचं पत्र आलं.

"चला ना… माझ्याबरोबर," मी धीर करून म्हटलं.

त्यानं हातातलं फडकं चुरगाळलं. "सिद्धेश्वरी," त्यानं पहिल्यांदाच नावानं हाक मारली, "लई आवडता तुमी मला. पण अज्जांना हितनं हलवलं तर ते जगायचे न्हाईत."

"मग मी थांबते. तुम्ही फक्त थांब म्हणा."

"या कामासाठी किती वर्षं वाट बघितली, तुमीच सांगितलंय की. मी थांब न्हाई म्हणणार."

निघताना मी ईरप्पांच्या पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, चेहरा निरखून पाहिला.

"कुणाची गं तू?"

मी सोमशेखरकडे पाहिलं. त्यानं मान वळवली.

"पाहुणी हाय, अज्जा," तो म्हणाला. "आज निघाली."