मुंडीचा मानकरी

चहा घे आधी, मग सांगते. आणि तो दिवा राहू दे तसाच.

आमच्या राजधानीत, फ्रुन्झेच्या विद्यापीठात मी प्रबंध-मंडळाची चिटणीस होते. काम साधं. आलेल्या सभासदांच्या सह्या घ्यायच्या, शेवटी मतं मोजायची. त्या दुपारी आमच्याकडेच शिकवणाऱ्या इशेनालीला आपला प्रबंध मंडळापुढे मांडायचा होता. सभासद पुरे भरले नाहीत म्हणून दोनदा त्याची सभा मोडली होती. आज पदवी मिळाली नाही तर नव्या वर्षापासून नोकरी नाही, असं त्याला लेखी आलेलं. घरी बायको बुरुल, चार वर्षांची अनारा, आणि मेजवानीसाठी गावाहून निघालेली माणसं. मला तो पाठच्या भावासारखा.

चौदा सभासद हवेत, आले तेरा. पोराचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात मागच्या खुर्चीतून कुणीतरी खोकलं. फरच्या कोटातला एक म्हातारा बसला होता. दार वाजल्याचं मला आठवत नाही. बाहेर सगळीकडे बर्फ, आणि कोटाला मात्र ओल्या मातीचा वास. त्याने सही केली : मोल्दाशेव, ओश. दूरच्या ओश शहरातल्या या सभासदांना आम्ही कुणी कधी पाहिलंच नव्हतं.

"जमलं एकदाचं!" अध्यक्ष म्हणाले.

इशेनाली बोलला, फार छान बोलला. "एखादी गोष्ट आहे की नाही, कसं ठरवायचं? मनातल्या मनात ती काढून टाका. कुठे काही अडलं, तर ती आहे. काहीच अडलं नाही, तर ती कधी नव्हतीच."

म्हातारा हळूच म्हणाला, "मला काढून बघ, बाळा."

"तुम्ही नसाल तर सभा मोडेल, आगाय. म्हणजे तुम्ही आहातच!" आगाय म्हणजे आमच्यात गुरुजी.

सगळे हसले. म्हातारासुद्धा.

"शाबास. पण सिद्धांत चांगला कधी? कुणाचाच अपवाद करत नाही तेव्हा. मांडणाऱ्याचाही नाही... आता स्वतःला काढ."

"मी नसलो तर..." इशेनाली थांबला. "प्रबंध तर लिहून झालाय... माझ्या जागी दुसरा येईल..." कुठेच काही अडेना. त्याने टेबल घट्ट धरलं होतं.

त्याच वेळी शिपायाने माझ्या हातात तार दिली. मोल्दाशेव परवा ओशला वारले, आज सकाळी दफन झालं.

उभं राहून सांगितलं, तर सभा मोडणार आणि इशेनाली रस्त्यावर येणार. मागे बघितलं. म्हातारा माझ्याकडेच बघत होता, शांतपणे मान डोलावत. मी तार खिशात घातली. इशेनालीच्या भल्यासाठीच गं, खुदाशप्पथ!

चौदा चिठ्ठ्या निघाल्या, चौदाही बाजूने. टाळ्या झाल्या. मी मान वर केली तर मागची खुर्ची रिकामी. आणि टेबलापाशीही कुणी नाही.

"इशेनाली कुठे गेला?"

अध्यक्ष टोपी घालत होते. "कोण?" म्हणाले. मला वाटलं, थट्टा करताहेत.

संध्याकाळी त्याच्या घरी गेले. पाहुणे जमिनीवर अंथरलेल्या जेवणाच्या कापडाभोवती बसलेले. मधोमध मेंढीची उकडलेली मुंडी वाफाळत होती. आमच्यात ती मानकऱ्यापुढे ठेवतात. तो कान कापून घरच्या लेकराला देतो, मगच बाकीचे जेवतात.

बुरुलने मला दाराशी ओढलं. ती मला एजे म्हणे, म्हणजे ताई. "एजे, बरं झालं आलात. मेंढी कापली, माणसं एवढ्या बर्फातून आली... आणि कशासाठी, तेच कुणाला आठवेना. मुंडी ठेवू तरी कुणापुढे?"

"अगं, इशेनालीपुढे! तुझ्या नवऱ्यापुढे!"

"कोण इशेनाली?" तिने विचारलं. अगदी भोळेपणाने विचारलं.

तार काढून ओरडावंसं वाटलं, पण आता ऐकवू कुणाला? सांगायची वेळ होती तेव्हा मीच गप्प बसले होते.

कोपऱ्यात अनारा काहीतरी चघळत होती. मी मुंडीकडे पाहिलं. एकच कान होता.

"कुणी दिला गं तुला?"

पोरीने माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं.

"बाबांनी. ते मघापासून सगळ्यांना हाका मारताहेत... तुम्ही कुणी ओ का देत नाही?"