चौथ्या मिनिटाला बंद पडणारा जनरेटर

मगन माझा आतेभाऊ. तो थापा मारणाऱ्यांतला नाही. त्यानं सांगितलं तेवढंच लिहितो, पदरचं काही नाही.

अकरा मे. नरडाण्याजवळचं एक लग्नाचं लॉन. रात्र नव्हती. दुपारचा एक वाजला होता.

सुकदेवभाऊंची भाड्यानं द्यायची कॅराव्हॅन मंडपामागं उभी होती; मगन तिचा मेकॅनिक. आत पलंग आणि एसी, खाली पेटाऱ्यात जनरेटर, त्याचं चालू-बंद बटण पलंगाशेजारी. नवरानवरी आरामाला येण्याआधी गाडी गार हवी होती. भाऊंची कॉलेजात जाणारी भाविका तर सकाळपासून विचारत होती, "पप्पा, एसी कधी?"

पण जनरेटर सुरू होई... आणि चौथ्या मिनिटाला बंद पडे.

मगननं पेट्रोल पाहिलं. ऑईल पाहिलं. फिल्टर झटकला, प्लग बदलला.

पुन्हा चौथं मिनिट... आणि आतून आवाज.

टक्.

"भाऊ, मजारलं बटण कोन दाबस?"

"मजारमा कोनी नही शे."

मगननं आत जाऊन पाहिलं. खरंच कुणी नव्हतं.

फक्त पलंगावरची चादर... एका माणसापुरती दबलेली.

मागच्या महिन्यात याच पलंगावर एका नवरीची आजी, पुष्पाबाई, गेली होती. काठी टेकत आलेल्या म्हातारीला मगननंच हात देऊन वर चढवलं होतं. लोक म्हणाले, ऊन लागलं.

मगनला आणि भाऊंना खरं ठाऊक होतं. सायलेन्सरला चीर होती. विषारी धूर आत शिरला की अलार्म जनरेटर बंद करायचा. ऐन सीझनात कटकट नको, म्हणून भाऊंच्या सांगण्यावरून मगननं अलार्मची वायर कापली होती. आजी गेल्यावर चिरेवर नुसता लेप लावला. वायर तशीच राहिली.

"म्हातारी खोड काढी ऱ्हायनी," सुकदेवभाऊ म्हणाले. "बटणनी वायर बी काढी टाक. डायरेक्ट कर. मंग दाब म्हना."

मगन मोटारसायकलवर जाऊन वायर घेऊन आला. डायरेक्ट जोड दिली.

चौथं मिनिट गेलं. पाचवं गेलं.

टक्... टक्... टक्...

बटण दाबलं जात होतं. जनरेटर चालूच होता.

मग लाकडी तळावर काठी आपटल्याचा आवाज. तीनदा. थांबून... पुन्हा तीनदा.

मगनचा हात पेट्रोल बंद करायच्या कॉककडे गेला.

"ऱ्हाऊ दे. वाजू दे तिले."

त्यानं हात मागं घेतला.

पाऊण तास काठी वाजत होती. मग... थांबली.

"थकनी वाटस," भाऊ हसले.

अडीचला नवरानवरीसाठी दार उघडलं.

पलंगावर भाविका होती.

मगन वायर आणायला गेला आणि भाऊ पेटाऱ्यापाशी वाकलेले होते, तेवढ्यात ती पलीकडच्या दारानं आत जाऊन पडली होती. गाल लालबुंद. हाकांना ओ नाही.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेली. कूसही बदललेली नाही.

त्या संध्याकाळी भाऊंनी स्वतःच्या हातानं सगळ्या वायरी पूर्ववत दिसतील अशा खोचल्या. पुन्हा ऊनच लागलं, असं ठरलं.

गाडी विकली गेली. जळगावच्या एकानं घेतली.

परवा त्याचा मगनला फोन आला. मी शेजारीच बसलो होतो.

"मशीन झकास चालतं, मगनभाऊ. फक्त चालू असलं की आतून काहीतरी आपटतं... तीनदा. काय असेल?"

मगननं माझ्याकडे पाहिलं.

"बोल्ट ढिला असेल," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.