गोळी पोचायच्या आत

रविवारी सकाळी हिमखडकातली माणसं डबे भरून युद्ध बघायला जात.

पलीकडच्या तांबडवाडीचीही जात. दोन्ही गावांचं एकमेकांशी युद्ध चालू होतं खरं, पण ज्या कड्यावरून ते छान दिसे, तिथं बसण्यासारखा सपाट खडक एकच होता. त्यामुळे शत्रूच्या सतरंजीला लागूनच आपली सतरंजी अंथरावी लागे. अडतीस वर्षांत त्याची इतकी सवय झाली होती, की शत्रूच्या डब्यातला ठेचा आपल्या डब्यातल्यापेक्षा बरा असतो हे हिमखडकातली पोरं उघडपणे बोलू लागली होती.

मंगळावरच्या या दरीत बर्फाची उघडी खाण होती, आणि दरीवर काचेचं छत होतं. पहिली खेप कुणाच्या गावाला जायची यावरून तंटा झाला. बोलाचाली झाली, धक्काबुक्की झाली, आणि एका सकाळी दोन्हीकडचे तरुण बंदुका घेऊन खाणीत उतरले. तिथं संथयंत्र होतं.

पृथ्वीवर भाजी टिकवायला शीतगृह असे, तसं मंगळावर संथगृह. शीतगृहात भाजी थंड करतात, संथगृहात काळच घट्ट करतात. साखरेचा पाक आटवत नेला की आधी एकतारी होतो, मग दोनतारी, आणि शेवटी चमचा उभा राहतो. काळाचंही तसंच. घट्ट काळात ठेवलेली मेथीची जुडी आपल्या मते नुकतीच खुडलेली असते, आणि बाहेर महिना उलटलेला असतो. खाणीतल्या यंत्राचं बटण मेथीच्या खुणेपलीकडे कुणी कधी फिरवलं नव्हतं. त्या सकाळी हिमखडकाच्या जनार्दन गोडांबेचं कोपर त्यावर आदळलं आणि ते शेवटपर्यंत फिरलं. त्याच क्षणी त्याच्या बंदुकीतून गोळी सुटली.

युद्धातली ती पहिली गोळी, आणि आजवरची एकमेव. आतला एक सेकंद म्हणजे बाहेरची जवळजवळ दोनशे वर्षं. गोळी अजून वाटेत होती.

लढणारे सगळे आत, दोन्ही सेनापतीही आत. आणि सेनापतींच्या सह्या झाल्याशिवाय युद्ध संपत नाही असा कायदा. म्हणून बाहेर युद्ध चालूच राहिलं. ते नीट चालावं यासाठी दोन्ही गावांनी मिळून संयुक्त युद्धसभा स्थापन केली. तांबडवाडीची मुलगी हिमखडकात सून म्हणून आणायची, तर तिची नोंद युद्धकैदी म्हणून करावी लागे. अशा कैद्यांनी हिमखडकातली निम्मी घरं भरली होती, आणि त्यांतल्या बऱ्याच घरांत कैदी कोण आणि पहारेकरी कोण हे सांगणं अवघड होतं.

या युद्धसभेच्या सभापती होत्या अनसूयाबाई गोडांबे. त्या जनार्दनच्या पत्नी. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा तो दरीत उतरला. आता त्यांनी साठी ओलांडली होती, गुडघे कुरकुरत होते, आणि नवरा सव्वीस वर्षांचाच होता.

त्या रविवारी त्या कड्यावर मंदबिणीला डोळा लावून बसल्या होत्या. मंदबीण म्हणजे आतून रखडत येणारा प्रकाश गोळा करून चित्र जुळवणारी दुर्बीण. त्यांच्याजवळ तांबडवाडीची शेवंता वानखडे चिवडा खात होती. गोळी जिच्या दिशेनं निघाली होती ती छाती शेवंताच्या थोरल्या भावाची, गुणवंतची. थोरला म्हणायचा एवढंच. तो बावीसचा आणि शेवंता पन्नाशीची झाली होती.

"कुठवर आली वं?" शेवंतानं विचारलं.

"मागच्या महिन्यापेक्षा थोडी पुढं. अजून दोन पावलं लांब आहे."

"आन् तुहा नवरा?"

"तसाच. तोंड वासून."

"तोंड बंद कराले तरी सांगाव त्याले. माशी जाईन."

एवढ्यात डॉ. इला टेंबे आल्या. पोरसवदा बाई, जन्म युद्ध सुरू झाल्यानंतरचा, आणि संथयंत्राबद्दल त्यांना माहीत नाही असं काही उरलेलं नव्हतं. त्या न विचारताच सतरंजीवर बसल्या आणि म्हणाल्या, "यंत्र बाहेरून बंद करता येतं. काल रात्री जमलं."

शेवंताच्या हातातला चिवडा तसाच राहिला.

"बंद केलं की काय होईल?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"काळ पातळ होईल. सगळे हालू लागतील."

"आणि गोळी?"

"तीही."

मग शेवंता म्हणाली, "त्याले ढकलून देता येत नाई का वं, बाजूले? मी जातो आत."

"आत गेलात की तुम्हीही संथ होणार, शेवंतामावशी. मग तुमचा हात त्यांच्यापर्यंत पोचायच्या आधी गोळी पोचेल."

"मध्ये काही आडवं घालता येईल?" अनसूयाबाई म्हणाल्या. "वरून टाकायचं. जाड लोखंड."

"नुसतं टाकलं तर आतल्या घड्याळानं पडायला निम्मा सेकंद लागेल. म्हणजे बाहेरची शंभर वर्षं. गोळी तोवर कुठल्या कुठं." टेंबेबाईंनी शेवंताच्या डब्यातला एक शेंगदाणा उचलला. "पण टाकण्याऐवजी झाडलं तर? संथपणा माणसाच्या डोक्यावर हातभर उंचीपर्यंतच आहे. सुरुंगाच्या नळीतून गोळीच्या दुप्पट वेगानं खाली सोडलं, तर दिवाळी उलटता उलटता ते बरोबर गुणवंतकाकांच्या छातीसमोर येईल. गोळी तेव्हाही वीतभर लांब असेल. ते दोन दिवस समोर राहील. त्या दोन दिवसांत यंत्र बंद करायचं. काळ तळापासून वर पातळ होत जातो, म्हणून आधी केलं तर गोळी सुटेल आणि ते वरच राहील, नंतर केलं तर खाली गेलेलं असेल."

"ते म्हणजे काय?"

"तेच शोधतेय. गोल हवं, जाड हवं, आणि तडकता कामा नये."

दोघी बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. त्या दुपारी भाकरीचे दोन तवे, एक हिमखडकाचा आणि एक तांबडवाडीचा, पाठीला पाठ लावून रिबिटांनी जोडले गेले. एकच तवा वापरला असता तर शांतता कुणाची यावरून दुसरं युद्ध झालं असतं. संध्याकाळी बार उडाला. तवा संथपणाच्या वरच्या थरात शिरला आणि चमचा पाकात थांबावा तसा हवेत थांबला.

दुसऱ्या दिवशी आप्पासाहेब नलगे सभेत उभे राहिले.

आप्पासाहेब युद्धसभेतले मोठे पुढारी. दसऱ्यानंतर निवडणुका होत्या, आणि युद्ध संपवणारा माणूस म्हणून त्यांना उभं राहायचं होतं.

"अडतीस वर्षं झाली," ते म्हणाले. "लोक विचारतात, आप्पासाहेब, हे युद्ध संपणार कधी? आता यंत्र बंद करता येतं. मग तारीख का नाही? माझा ठराव आहे, दसऱ्याच्या आत युद्ध संपलं पाहिजे."

"दसऱ्याला तवा डोक्याएवढ्या उंचीवर असेल," टेंबेबाई म्हणाल्या. "माणूस मरेल."

"एक माणूस. युद्धात एकच माणूस गेला, असं कुठं झालंय का कधी? लोक आपलं कौतुक करतील."

"तो एक तुह्या घरचा दे मंग," प्रेक्षकांच्या सज्जातून शेवंता म्हणाली.

सभागृह हसलं, पण आप्पासाहेबांनी आकडे जमवलेले होते. दोन्ही गावांतले बहुतेक सभासद त्यांच्या बाजूचे. हात वर झाले की संपलं. अनसूयाबाईंना वरच्या खुर्चीतून ते स्वच्छ दिसत होतं. मतदान झालं की गुणवंत मेला, आणि ज्यानं मारलं तो त्यांचा नवरा, आणि रविवारी सतरंजीवर बसायला शेवंता नाही. मतदान टाळता येत नव्हतं. लांबवता मात्र येत होतं.

"मतदान घेऊ," त्या म्हणाल्या. "पण विषय ऐतिहासिक आहे. त्याआधी प्रत्येक सभासदानं दोन शब्द बोलावेत, अशी माझी विनंती."

मंगळावरच काय, सूर्यमालेत कुठंही, दोन शब्द बोला म्हटल्यावर नाही म्हणणारा मराठी माणूस अजून जन्मलेला नाही. पहिला मान आप्पासाहेबांचा. बोलण्याआधी त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. काचघरात त्या वर्षी नारळ एकच लागला होता, तोच परत घेऊन पुढच्याला देण्यात आला. आप्पासाहेबांचे दोन शब्द तीन दिवस चालले. आपण इतकं चांगलं बोलतो हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

मग पुढचा सभासद, त्याचा सत्कार, त्याचं प्रास्ताविक. मग आभारप्रदर्शन, त्यात एका जुन्या सभासदाचं नाव राहून गेलं म्हणून तो रुसला, मग त्याची समजूत, आणि समजूत काढणाऱ्यांचे आभार.

सगळे बोलून संपले तेव्हा अनसूयाबाईंनी चष्मा पुसला. "ठरावात दसरा म्हटलंय. पृथ्वीच्या पंचांगाचा की मंगळाच्या? मंगळाचं वर्ष जवळजवळ दुप्पट. मला आपलं कळत नाही म्हणून विचारते."

या प्रश्नावर हिमखडक एका बाजूला गेलं आणि तांबडवाडी दुसऱ्या. नंतर हिमखडकातही दोन तट पडले. पंचांगाचे जाणकार बोलावले गेले, त्यांचे सत्कार झाले. या गडबडीत दसरा येऊन गेला आणि सोनं वाटून झाल्यावरच तो कुठल्या पंचांगाचा होता हे लोकांच्या लक्षात आलं. निवडणुका पुढं ढकलाव्या लागल्या, कारण उमेदवार सगळे भाषणात होते.

अखेर आप्पासाहेबांची ट्यूब पेटली.

"सभापतीबाई, हा निव्वळ वेळकाढूपणा आहे."

"असेल, आप्पासाहेब. पण वेळकाढूपणा म्हणजे नेमकं काय, यावर सभागृहाचं मत घ्यायला हवं. कोण कोण बोलणार?"

निम्मं सभागृह हात वर करून उभं राहिलं. त्यात आप्पासाहेबांच्या बाजूचेही होते. सवय लागली होती.

त्या दिवशी टेंबेबाई हसत हसत अनसूयाबाईंच्या दालनात आल्या. "बाई, मी आयुष्यभर काळ संथ कसा करायचा याचा अभ्यास केला. इथं यंत्राची गरजच नाही."

"तवा कुठवर?"

"हनुवटीपर्यंत." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही जनार्दनकाकांना काय सांगणार?"

"कशाबद्दल?"

"त्यांच्या मते एका सेकंदाचा पाचवा भाग झालाय फक्त."

अनसूयाबाई खिडकीच्या काचेत बघत होत्या. "मी गेल्या आठवड्यात केसांना कलप लावला," त्या म्हणाल्या. "मग धुऊन टाकला. तेवीस वर्षांची दिसेन असा कलप कुणी काढला नाही अजून. तू बघ जमलं तर."

दिवाळीनंतर चौथ्या दिवशी भर सभेत टेंबेबाईंनी दारातून मान हलवली. अनसूयाबाईंनी बोलणाऱ्याला मधेच थांबवलं, तेही अडीच महिन्यांत पहिल्यांदाच. "चर्चा पुरेशी झाली असं मला वाटतं. आप्पासाहेब, तुमच्या ठरावात एक छोटी दुरुस्ती करू. दसऱ्याऐवजी आज दुपार."

ठराव एकमतानं मंजूर झाला. आप्पासाहेबांनी आभार मानायला तोंड उघडलं, पण तोवर दोन्ही गावं कड्याकडे धावत सुटली होती.

ताशे आले, लाडू आले, कैदी म्हणून नोंदलेल्या सुना माहेरच्या माणसांना मिठ्या मारू लागल्या. टेंबेबाईंनी कळ दाबली.

आधी प्रकाश आला, दरी लख्ख झाली. मग टण्ण असा आवाज झाला. तो छताच्या काचेवर आपटून परत आला आणि पुन्हा गेला. गोळी चपटी होऊन कुठंतरी बर्फात घुसली आणि तवा तिच्या पलीकडे. गुणवंत वानखडे धप्पकन खाली बसला आणि स्वतःची छाती चाचपू लागला. कड्यावर असा काही जल्लोष झाला, की ताशेवाले वाजवायचंच विसरले.

शेवंता उतारावरून घसरतच खाली पोचली.

"व माय, तू कोन वं?" गुणवंतनं विचारलं.

"शेवंती."

"शेवंती बारा वर्साची हाय."

"होती," म्हणत शेवंतानं त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि मग त्याला धरून रडायला लागली. धपाटा ओळखीचा असावा. तोही रडायला लागला.

जनार्दन गोडांबे बंदूक हातात घेऊन उभा होता. "पाय घसरला हो," तो ज्याला त्याला सांगत होता. "आईशपथ, माझा पाय घसरला." आजूबाजूचे हसत होते, त्याच्या तोंडात लाडू कोंबत होते. अडतीस वर्षं हे सगळे एका सतरंजीवर जेवले होते. गुणवंत मात्र उठला आणि आपल्या म्हाताऱ्या धाकट्या बहिणीच्या मागे जाऊन उभा राहिला. "त्याच्या हातातली बंदूक घ्या आधी," तो म्हणाला. "आत्ता मारत होता मले." त्याच्या आवाजानं आसपासचं हसणं थांबलं. मग दरीतल्या इतर पोरांकडे लोकांचं लक्ष गेलं. तीही हसत नव्हती. बंदुका कुणीच खाली ठेवल्या नव्हत्या, आणि दोन्हीकडचे सेनापती सही करायला नव्हे, तर हुकूम द्यायला तोंड उघडत होते.

अनसूयाबाई पुढं झाल्या. आधी हिमखडकाच्या सेनापतीच्या हातात लाडू दिला, मग तांबडवाडीच्या. म्हातारी माणसं लाडू देतात तेव्हा बंदूक बगलेत धरावी लागते. मग इतर म्हाताऱ्याही सरसावल्या, आणि बघता बघता सगळ्या पोरांचे दोन्ही हात भरून गेले. एवढं त्या दुपारपुरतं पुरलं.

मग त्या जनार्दनसमोर आल्या. जवळून तो मंदबिणीत दिसे त्याहून लहान दिसत होता. कानामागं साबण राहिला होता. तो त्यांच्याकडे पाहून वाकला आणि पाया पडला.

"आजी, मी खून नाही ना केला?"

"नाही रे," त्या म्हणाल्या. "कुणालाच काही झालं नाही."

तो लहान मुलासारखा हसला. "मग घरी जाऊन सांगतो. काळजीत असेल ती." आणि उतार चढून धावतच सुटला.

अनसूयाबाई मागोमाग निघाल्या. गुडघे आपल्या वेगानं चालत होते. हिमखडकाच्या पहिल्या गल्लीत शिरताना त्याचा आवाज ऐकू आला. तो दारोदारी थबकत होता, घरं ओळखायचा प्रयत्न करत होता, आणि हाका मारत होता.

"अनूऽ, ए अनू."

ओसरीवरच्या बायका मागं वळून गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या अनसूयाबाईंकडे बघत होत्या. अडीच महिने त्यांनी सगळ्या ग्रहाला थांबवून धरलं होतं. आता थांबण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी पदर सारखा केला.

"ओ," त्या म्हणाल्या.

तो हसतच वळला.