येऊ दे, येऊ दे, बास!

इन्स्पेक्टरबाईंची जीप आवारात शिरली तेव्हा लोकांनी ड्रायव्हरला अर्धाअधिक बडवून ठेवला होता.

कॉलर फाटलेली, ओठ सुजलेला, आणि भोवती सोसायटीतल्या सद्गृहस्थांचं कोंडाळं. एकाच्या हातात तर चक्क बॅडमिंटनची रॅकेट होती. बाईंचं डोकं तिथेच फिरलं.

"कुणी मारलं ह्यांना?"

कुणीच नाही. सगळे एकदम झाडांकडे बघायला लागले.

"अरे वा! कॉलर आपोआप फाटली वाटतं. हवालदार, ह्या रॅकेटवाल्यांचं नाव-गाव घ्या. आणि आता ह्या माणसाला जो हात लावेल, त्याला मी आधी आत टाकीन, मग तपास करीन."

घडलं होतं ते असं. सकाळी तळमजल्यावरच्या काकू कचरा टाकायला मागच्या अंगणात आल्या, तर दातांच्या डॉक्टरबाई, म्हणजे अख्ख्या बिल्डिंगच्या आत्या, आपल्या जुन्या पांढऱ्या गाडीच्या मागे भिंतीला टेकून पडलेल्या. मांडीचं हाड मोडलेलं, डोक्यातून रक्त, शुद्ध हरपलेली. गाडी मात्र चार हात पुढे, आपल्या जागेवर शहाण्यासारखी उभी. बॉनेट गरम. आत कुणी नाही. ॲम्ब्युलन्स आत्यांना घेऊन गेली आणि थोड्या वेळाने ड्रायव्हरमामा फाटकातून आत आले. लोकांनी त्यांची गचांडीच धरली.

त्यात मोठ्या साहेबांचा फोन येऊन गेला होता. "साधा अपघात आहे हो. ड्रायव्हरला उचला, संध्याकाळपर्यंत मिटवून टाका." मिटवा हा शब्द ऐकला की बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आत्या टेबलावर, ऑपरेशन चालू. त्या गेल्या तर मामांची उरलेली वर्षं तुरुंगात जाणार, आणि ह्यांना मिटवायचंय!

बाईंनी आधी काकूंना गाठलं.

"काय ऐकलंत?"

"इंजिन सुरू झालेलं ऐकलं. मग आत्यांचं 'येऊ दे'. मग धप्प झालं. मला वाटलं, वरून कुणी गादी टाकली."

"येऊ दे म्हणजे?"

"अहो, रोजचं आहे ते. मामा गाडी मागे घेतात आणि आत्या मागे उभ्या राहून डिकीवर थापा मारत ओरडतात, येऊ दे, येऊ दे, बास! आमच्या घरात गजर लावायची गरजच नाही. मामा तर काच खाली करून थाप पडायची वाट बघतात, त्याशिवाय चाक हलवत नाहीत. आज मात्र एकदाच 'येऊ दे' झालं. बास काही ऐकू आलं नाही." काकूंनी पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात जिन्यावरून आत्यांचा भाचा उतरला. ह्याला सगळे बाळ म्हणत. चाळिशीला टेकलेला बाळ! आईबाप लहानपणीच गेले, आत्यांनीच वाढवला, लग्नसुद्धा केलं नाही त्याच्यापायी. केस ओले, शर्ट कडक इस्त्रीचा, डोळे लाल.

"मॅडम, ह्या माणसाला सोडू नका. माझ्या आत्याला चिरडलं ह्याने."

"तुम्ही पाहिलंत?"

"ऐकलं ना! आंघोळीला निघालो होतो. बाल्कनीचं दार उघडं होतं. सेन्सर वाजला. आधी टूं, टूं, टूं... मग लांबलचक टूंऽऽऽ. म्हटलं, मामा गाडी काढताहेत. मी बाथरूममध्ये गेलो. काकू किंचाळल्या तेव्हा बाहेर आलो."

"कसला सेन्सर?"

बाळचा चेहरा जरा खुलला. त्याने बाईंना गाडीमागे नेलं. नंबरप्लेटभोवती काळी चौकट होती, तिच्यात दोन काचेचे डोळे.

"मीच बसवलाय. ह्या जुन्या गाडीला कुठला आलाय सेन्सर! ह्याला वायर-बियर काही नाही. गाडी हलली की ही डबी जागी होते आणि मागे काही आलं की मोबाईलवर वाजतं. वस्तू जवळ आली की टूं टूं वाढत जातं. अगदी हातभर राहिली की लांब वाजत राहतं. ते 'येऊ दे येऊ दे' बंद व्हावं म्हणून मामांच्या फोनमध्ये ॲप टाकून दिलं, आवाज फुल्ल करून. गल्लीत ऐकू जाईल इतका."

"म्हणजे आवाज फोनमधून येतो? गाडीतून नाही?"

"गाडीत स्पीकरच नाही ना. आणि फोन गाडीतच लागतो हं. चार पावलं लांब गेला की कनेक्शन तुटतं. स्वस्तातला आहे."

"तुमच्याही फोनवर आहे ॲप?"

"असेल. सुरुवातीला करून बघितलं होतं. पण मी गाडीला हात लावत नाही मॅडम. सिग्नल तोडला म्हणून माझं लायसन्स तुमच्याच लोकांनी जप्त केलंय. आत्याने तर तिची चावीसुद्धा मला सापडू नये म्हणून लपवलीय, औषधांच्या कपाटात, कापसाच्या पुड्यामागे."

मामांना घेऊन बाई जीपमध्ये बसल्या आणि दार लावून घेतलं.

"हं, बोला. कुठे होता?"

"घरी. झोपलो होतो." मामा मान खाली घालून म्हणाले.

"ड्यूटीच्या वेळेला?"

"काल घरी पोचता पोचता हातातून फोन पडला. काचेचा पार चुरा झाला. कोपऱ्यावरच्या दुकानात दुरुस्तीला टाकला. गजर त्याच्यातच लावतो मी. आज वाजलाच नाही, उठायला उशीर झाला, धावत आलो, तर ही मंडळी तुटून पडली."

"हे त्यांना सांगितलं का नाहीत?"

"बोलू देतायत कुठे? आणि झोपून राहिलो म्हटल्यावर कोण विश्वास ठेवणार?" मामांचा आवाज एकदम चढला. "ठेवू नका तुम्हीही! टाका आत! पण आत्या वाचतात का नाही, तेवढं आधी विचारून सांगा."

एकट्या माणसाच्या झोपेला साक्षीदार कुठून आणायचा? बाईंनी हवालदारांना कोपऱ्यावर पिटाळलं. ते परत येऊन कानात काहीतरी पुटपुटले. बाईंनी मान हलवली आणि अंगणात येऊन टाळी वाजवली.

"बाळ, तुमचा फोन घेऊन वर बाल्कनीत जा. आम्ही गाडी मागे घेतो. सेन्सर तस्साच वाजला की ओरडून सांगा. जबाबात लिहायला बरं पडतं."

बाळ दोन-दोन पायऱ्या चढत गेला. मामा गाडीत बसले. बाईंनी हवालदारांना गाडीमागे, भिंतीपाशी उभं केलं. ते बिचारे मनातल्या मनात बायकोमुलांचा निरोप घेत उभे राहिले. इंजिन सुरू झालं. गाडी इंच इंच मागे सरकायला लागली.

"येतोय! ऐकू येतोय!" वरून बाळ ओरडला. "टूं, टूं, टूं... आता लांब! हाच, मॅडम, अगदी हाच आवाज!"

अंगणात चिडीचूप. काकूंनी कान टवकारले. रॅकेटवाल्याने इकडेतिकडे पाहिलं.

"तुम्हाला कुणाला ऐकू आला?" बाईंनी विचारलं.

कुणालाच नाही.

"कसा येईल? गाडीत फोनच नाही. मामांचा फोन कालपासून कोपऱ्यावरच्या दुकानात उघडून पडलाय. हवालदार आत्ताच बघून आले. बाळ, या खाली. फोन घेऊन या."

बाळ कठडा धरून एकेक पायरी उतरत खाली आला. बाईंनी त्याला ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसवलं.

"मामा, गाडी पुढे नेऊन घ्या पुन्हा मागे."

गाडी जराशी हलली आणि बाळच्या खिशात टूं टूं सुरू झालं. हवालदार जवळ येत गेले तसं वाढत गेलं, आणि मग ते लांबलचक, कर्कश टूंऽऽऽ अंगणभर घुमलं. ते बंद करायला बाळचा हातच उठेना. शेवटी मामांनी इंजिन बंद केलं.

"तुम्ही आवाज ऐकला हे खरं आहे," बाई म्हणाल्या. आवाज चढू नये म्हणून त्यांनी गाडीचं दार घट्ट धरलं होतं. "नुसतं बनवून सांगणारा इतकं बारीक सांगत नाही, आधी तुटक, मग लांब. पण मामांचा फोन इथे नव्हताच. मग ह्या आवारात वाजायला एकच फोन उरतो. आणि तो बाल्कनीत वाजत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत आणि आत्ता सगळ्यांना दाखवलंत. म्हणजे तुमच्यासकट तो गाडीत होता. चावी लपवलेली, तरी कापसाचा पुडासुद्धा पाठ! मामा असते तर थाप पडल्याशिवाय चाक हललं नसतं. आत्यांनाही तेच वाटलं. इंजिन ऐकलं, मामा आले म्हणून सवयीने मागे जाऊन उभ्या राहिल्या, येऊ दे म्हणाल्या. आणि तुम्ही येऊ दिलीत."

"मी मुद्दाम नाही केलं हो!" बाळने गळा काढला. "कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं होतं. काचा बंद करून गाणी लावली होती. तो सेन्सर नेहमीच बोंबलतो, भिंत दिसली तरी बोंबलतो. मला वाटलं..."

"मग गाडी पुढे घेतलीत. उतरलात?"

"हो."

"शुद्धीवर होत्या?"

बाळ डॅशबोर्डकडे बघत म्हणाला, "बाळा, मला उचल, म्हणाली."

"आणि तुम्ही वर जाऊन केस धुतलेत," बाई म्हणाल्या. "लाज नाही वाटली? अपघात कुणाच्याही हातून होतो. पण ती बाई इथे रक्तात पडली होती, हाका मारत होती, आणि तुम्ही शॅम्पू लावत होतात. वर तुमच्या वाटचा मार ह्या माणसाला खाऊ दिलात!"

रॅकेटवाल्याने रॅकेट पाठीमागे लपवली.

इतक्यात बाईंचा फोन वाजला. हॉस्पिटलमधून होता. त्यांनी ऐकून घेतलं, दोनदा "नक्की?" विचारलं आणि फोन खिशात टाकला.

"आत्या वाचल्या. शुद्धीवर आल्यात. जबाब दिलाय त्यांनी. म्हणतात, माझी मीच घसरून पडले, गाडीला कुणी हातसुद्धा लावला नव्हता."

मामांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि ढसाढसा रडायला लागले. "त्या हेच म्हणणार, साहेब," ते रडता रडता म्हणाले. "ह्याने काच फोडली तरी वाऱ्याने फुटली म्हणायच्या."

पण बाई बाळकडे बघत होत्या. त्याचा चेहरा उजळला होता. खरोखर उजळला होता! "बघा मॅडम," तो डोळे पुसत घाईघाईने म्हणाला, "आत्या स्वतः म्हणतेय. मग आता प्रश्नच मिटला ना?"

बाईंनी त्याचं मनगट धरून त्याला गाडीबाहेर ओढलं आणि जीपमध्ये बसवलं. मामांना पुढच्या सीटवर घेतलं.

"चौकीवर ना, मॅडम?" हवालदारांनी चावी फिरवली.

"आधी हॉस्पिटल. हे बाळ आत्यांच्या कॉटपाशी उभं राहून सगळं सांगणार आहे. सगळ्यांदेखत, शॅम्पूसकट."

"नको!" बाळने पुढच्या सीटची पाठ गच्च पकडली. "मॅडम, तुम्ही म्हणाल तिथे सही करतो. जेलमध्ये टाका. पण तिच्यासमोर नको. प्लीज, तिच्यासमोर नको!"

"चला, हवालदार," बाई म्हणाल्या.