सरावाचा फोन

"मॅडम अजून आल्या नाय का?" दारात छत्री झटकत त्याने मला विचारलं.

मी कॉम्प्युटरमागची वायर खोचत जमिनीवर बसले होते. म्हटलं, "येतील. बसा तुम्ही."

तो बसला. मी उठले, हात पुसले आणि त्याच्यासमोरच्या खुर्चीत जाऊन बसले. "हं, बोला. नाव?"

त्याचा चेहरा असा काही पडला की मला हसू आवरेना.

"रत्नदीप," तो म्हणाला. "आणि... सॉरी, मॅडम."

खोपोलीच्या बुद्धविहाराच्या वरच्या मजल्यावर आमची अभ्यासिका आहे. मंदी आली, कारखान्यांनी पाळ्या कमी केल्या, आणि स्पर्धा परीक्षावाल्यांच्या शेजारी नोकरी गेलेली मोठी माणसं येऊन बसू लागली. सुपरवायझर, अकाउंटंट, इंजिनियर. मी पनवेलच्या एका कंपनीत माणसांच्या भरतीचं काम करायचे. भरतीच थांबल्यावर मला कोण ठेवणार? घरी बसून करायचं काय, म्हणून इथे बायोडेटा आणि मुलाखत शिकवायला लागले. रत्नदीप कारखान्यात मालाची गुणवत्ता तपासायचा. आता मामाचा टेंपो चालवत होता, आणि शिकून इंजिनियर झालेल्या माणसाला त्याचं जेवढं वाईट वाटावं तेवढं वाटत होतं.

आमच्याकडे एक पद्धत आहे. कंपनीचा फोन सांगून येत नाही, म्हणून सरावाचा फोनही सांगून करायचा नाही. हे काम माझ्या मैत्रिणीचं, अल्मासचं. तिचा भाऊ अब्रार याचं मोबाईलचं दुकान आहे, त्यामुळे तिच्याकडे नवनव्या नंबरांना तोटा नाही. कंपनीतली बाई बनून आवाज इतका भारदस्त काढते की भलेभले फसतात. रत्नदीप शीळफाट्यावर माल उतरवत असताना तिने त्याला गाठलं, तर हा ओरडून म्हणाला, "मॅडम, थांबा जरा, हातात पत्रा हाय!"

मी त्याला खूप झापलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही रागावलात की जास्त समजतं," तो म्हणाला.

"काय समजतं?"

"ते... सगळंच."

असं बोलून तो सरळ बघत राहायचा, आणि मी मान खाली घालून त्याच्या बायोडेटात नसलेल्या चुका शोधायचे. पावसाळा सरत आला तोवर तो इतका तयार झाला की नव्याने येणाऱ्यांना तोच शिकवू लागला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते कळलंच नाही. मला तो आवडत होता. मी हे कोणाला बोलले नव्हते. अल्मासला न सांगताच समजलं होतं.

मग पुण्यापलीकडच्या रांजणगावच्या एका कंपनीने त्याची ऑनलाइन मुलाखत घेतली आणि 'कळवू' म्हणून सांगितलं. असं 'कळवू' आमच्याकडे प्रत्येकाने ऐकलेलं आहे. कोणी वाट बघत नाही.

परवा तो आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. "अल्मासनं सांगितलं ना तुला?"

"काय?"

"काल फोन केलेला तिनं. मी... बोललो जरा."

"काल? काल तर त्यांच्याकडे साखरपुडा होता. दुकान बंद होतं, ती दिवसभर कर्जतला होती."

त्याने मोबाईल पुढे केला. मी नंबर शोधून पाहिला. रांजणगाव. त्याने मोबाईल परत घेऊन तो नंबर पुन्हा वाचला.

"काय बोललास, रत्नदीप?"

"तिनं विचारलं, गाव सोडून यायला तयार हाय का. मला वाटलं अल्मासच हाय... म्हटलं, तुझ्या कानावर तरी जाईल. मला तर तुझ्यासमोर बोलता येत नाय."

"अरे पण बोललास काय?"

"म्हटलं, नाय येणार. इथं एक मुलगी मला मुलाखत शिकवते. तिला सोडून मी कुठं जाणार नाय."

मला इतका आनंद झाला आणि इतका राग आला, की आधी काय करावं तेच कळेना.

"लाव फोन," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता. स्पीकरवर."

"अगं, पण तू—"

"नोकरी हवी ना तुला? लाव!"

पलीकडच्या बाईंनी नाव ऐकल्याबरोबर ओळखलं. "हां, ते मुलाखत शिकवणाऱ्या मुलीवाले!" त्या हसत होत्या. "तुमची मुलाखत चांगली झाली होती, म्हणून जागा अजून ठेवली आहे. पण आज मला स्पष्ट उत्तर द्या. येणार की नाही?"

रत्नदीपने माझ्याकडे पाहिलं. खरं सांगायचं तर त्याने जाणं मलाही नको होतं. इथे रोज दिसत तरी होता. पण माझ्यासाठी मागे राहिला असता, तर रोज टेंपोत चढताना त्याला ती जागा आठवली असती, आणि हळूहळू मी नकोशी झाले असते. मी त्याच्या हातातून फोन घेतला.

"ते येतील, मॅडम. मी... ती मुलगीच बोलतेय."

"अच्छा! मग तुम्ही पण येताय का?"

"सध्या नाही. इथे अजून बऱ्याच जणांच्या नोकऱ्या लागायच्यात." रत्नदीप फोनजवळ सरकला. "फक्त एक करा, मॅडम. पहिल्या रविवारी त्यांना कामाला बोलावू नका. पळसदरीला माझ्या आईवडिलांकडे मला मागणी घालायला यायचंय त्यांना."

हे रत्नदीपलाही तेव्हाच कळलं.